सिल्की कोंबडी खान्देशात पाळायची तर आधी तिचं पीस ओळखा

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भावाचा प्रश्न असा आहे: "गेल्या हिवाळ्यात प्रदर्शनातून पांढऱ्या सिल्कीचा एक नर आणि दोन माद्या आणल्या. घरच्या गावरान कोंबड्यांतच सोडल्या. अकरा अंडी बसवली तर दोनच पिल्लं निघाली, त्यातल्या एकाला चारच बोटं. आता एका मादीची मान वाकडी झाली आहे. केळीच्या बागेत सावलीला शेड टाकू का? पुढच्या हिवाळ्यात प्रदर्शनात उतरवायची इच्छा आहे, तर तयारी काय करावी?"

भाऊ, मान वाकडी झालेल्या मादीचं आधी बघू, ते थांबण्यासारखं नाही.

मान पिरगळली की आपल्याकडे पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा येतो, आणि तो यायलाच हवा. तिला आजच्या आज वेगळी करा. तिचं दाण्याचं आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, आणि रोज बाकी सगळ्यांचं उरकून मग तिच्याकडे जा. गावरान कोंबड्यांत हिरवट पातळ विष्ठा, घरघर, धाप, एकामागून एक मरतूक असं काही दिसत असेल तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पण बाकी सगळी पाखरं ठणठणीत आहेत, ही एकटीच मान उलटी करून आभाळाकडे बघते, मागे मागे सरकते, दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडेच पडते, असं असेल तर हे सिल्कीचं नेहमीचं दुखणं असण्याची शक्यता जास्त.

तिच्या डोक्यावरचा झुपका ओल्या बोटांनी बाजूला करा आणि टाळू अगदी हलकेच चाचपा, दाबू नका. बऱ्याच सिल्कींच्या टाळूवर सुपारीएवढा उंचवटा लागतो. तिथे कवटीचं हाड पूर्ण जुळलेलं नसतं, मेंदूवर कातडीचं आणि पातळ पडद्याचं एवढंच आवरण असतं. गावरान कोंबडीची एक चोच तिथे जोरात बसली की आत सूज येते आणि मान फिरते. जीवनसत्त्व ई आणि बी-१ कमी पडल्यानेही असंच होतं. मी अशा पाखराला मेडिकलमधली व्हिटॅमिन ई ची ४०० युनिटची कॅप्सूल टोचून रोज एक देतो, चोचीच्या कडेने थेंब थेंब, घाई न करता. जोडीला बी-कॉम्प्लेक्सचं औषध डॉक्टरांना विचारून. सेलेनियम लागतं पण फार थोडं, जास्त झालं तर ते विष आहे, म्हणून त्याच्या गोळ्या मी देत नाही, उकडलेलं अंडं कुस्करून देतो. माझ्याकडच्या एका काळ्या मादीला एकोणीस दिवस मांडीवर घेऊन, डाव्या तळहातात डोकं धरून भिजवलेला मॅश, म्हणजे भरड खाद्य, भरवला. बाराव्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतः वाटीत चोच घातली. पुढे तिने दोन वर्षं अंडी दिली. सगळीच अशी वाचत नाहीत, पण तीन-चार आठवडे प्रयत्न केल्याशिवाय तिला सोडून देऊ नका.

एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडत असेल तर मात्र तो मॅरेक्स हा विषाणूचा रोग असू शकतो. सिल्कीला तो लवकर धरतो आणि त्याला इलाज नाही. त्याची लस पिल्लू निघाल्याच्या पहिल्या दिवशीच द्यावी लागते. तिची बाटली मोठ्या हॅचरीच्या हिशेबाने येते, त्यामुळे घरगुती पालकाला ती मिळवणं जड जातं. म्हणून पिल्लं घेताना किंवा विकणाऱ्याशी बोलताना "मॅरेक्सची लस दिली आहे का" हा प्रश्न आधी विचारा.

आता पीस. दोन्ही माद्यांपैकी एकीचं छातीवरचं पडलेलं पीस घ्या आणि शेजारी गावरान कोंबडीचं ठेवा. गावरान पिसाच्या मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, आणि त्या तंतूंना डोळ्याला न दिसणारे आकडे. एक तंतू दुसऱ्यात अडकतो आणि पिसाचं सलग पातं होतं. बोटाने ते विस्कटा, चिमटीतून परत ओढा, पुन्हा जुळून येतं. सिल्कीच्या तंतूंना हे आकडे जुळतच नाहीत. ओढा, फुंका, काहीही करा, पीस कापसाच्या बोंडातल्या रुईसारखं मोकळंच राहतं. आमच्या गल्लीतल्या म्हातारीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, "हाई कोंबडी शे का ससा?" तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनकडच्या वर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे, तोही हेच बघून.

या एका गोष्टीतून तिचं सगळं पालन ठरतं. पातं नाही म्हणून पंखात हवा धरत नाही, ती उडत नाही. पाणी पिसावरून ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं. झुपका डोळ्यांवर येतो म्हणून वरून आलेली घार किंवा शिक्रा तिला दिसत नाही. शेपटीखाली इतका कापूस असतो की नराचा संग नीट लागत नाही, आणि तुमची नऊ अंडी वाया गेली त्याचं एक मोठं कारण हेच असणार.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगतो. मृगाचा पहिला पाऊस संध्याकाळी वळवासारखा आला. गावरान कोंबड्या दोन मिनिटांत खुराड्यात, काही निंबाच्या फांदीवर. सिल्की अंगणाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी शेतातून घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. हाताला लागल्या त्या पिसं नसल्यासारख्या, चिंब, हाडाला कातडी चिकटलेल्या. जमतील तितक्या पोत्याने पुसल्या, पण सकाळी चार मेलेल्या होत्या, चारही एकाच ढिगाखाली. तेव्हापासून माझ्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यानंतर एकही सिल्की उघड्यावर नसते.

म्हणून केळीच्या बागेत शेड टाकू नका. उन्हाळ्यात बागेत शिरलं की आपल्याला गार वाटतं, पण ते ठिबकच्या ओलीचं गारपण आहे. खाली जमीन कायम ओली, वाळलेल्या पानांत मुंगूस, उंदीर आणि साप, आणि हवा खेळत नाही. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या उन्हाला केळी आडवी येईल अशा बेताने, पण बागेबाहेर, उंचवट्यावर जागा धरा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन लांबट बाजूंनी आत शिरत नाही. जोतं जमिनीपासून दीड फूट वर. आपली काळी माती सिल्कीच्या पायाची वैरी आहे. तिच्या नडग्यांना आणि बोटांनाही पिसं असतात, पावसाळ्यात त्या पिसांना मातीचे गोळे लागतात, वाळून दगड होतात, आणि ते ओढून काढायला गेलात तर पिसासकट कातडी येते. असा गोळा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवूनच काढायचा. अंगणात सहा इंच मुरूम दाबून वर वाळू टाकली की हा त्रास संपतो.

आत जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा जाड भुसा चार इंच. शेंगांची टरफलं आपल्याकडे स्वस्त मिळतात, पण पावसाळ्यात त्यांना बुरशी लवकर धरते, मी ती वापरत नाही. दर पाखरामागे आत तीन चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या अंगणात दहा चौरस फूट धरा. बसायला दांडी फार तर एक फूट उंच आणि चपटी. बऱ्याच जणी दांडीवर बसतच नाहीत, रात्री कोपऱ्यात ढीग करून झोपतात, म्हणून कोपरे गोल करून घ्या. त्यांना जमिनीवरच झोपू द्या, फक्त ती जमीन कोरडी हवी. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड, खाली एक फूट जमिनीत पुरलेली. मुंगसाला दीड इंचाचं भोकही पुरतं.

उन्हाळ्याचं सांगायचं तर आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि सिल्कीसारख्या कापूसभरल्या पाखराला तो सगळ्यात कठीण काळ. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापते आणि तुऱ्यातून, गळ्याखालच्या कातडीतून उष्णता टाकते. सिल्कीचा तुरा एवढासा, त्यामुळे तिचं सगळं धापण्यावर. छतावर चुना मारा, वर पराटीचा (कपाशीच्या काड्यांचा) किंवा उसाच्या पाचटाचा थर बांधा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावून ओलं ठेवा. आपली हवा मेमध्ये कोरडी असते म्हणून ओल्या गोणपाटातून येणारा वारा खरोखर गार होतो. पण गोणपाटाचं पाणी भुशावर टपकू देऊ नका, आणि फॉगर लावलात तर त्याचे तुषार पाखरांच्या अंगावर पडणार नाहीत असा लावा. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की गोणपाट आणि फॉगर दोन्ही बंद, फक्त पंखा. माझ्याकडे उष्म्याने मेलेली बहुतेक पाखरं भर मेमध्ये गेलेली नाहीत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या कोंदट दुपारींनी गेली आहेत.

उन्हाळ्यात पाणी मातीच्या भांड्यात. टाकीचा काळा पाइप उन्हात तापतो आणि चोच लावली की थेंब सोडणाऱ्या निपलमधून आंघोळीचं पाणी येतं, ते कोंबडी पीत नाही. बाकीचे आठ महिने मात्र निपलच चांगले, कारण उघड्या भांड्यात दाढी आणि झुपका भिजतो, त्यावर दाणा चिकटतो, मग बाकीच्या ते टोचून खातात आणि पुन्हा डोक्याला जखम. दुपारी अकरा ते चार दाणा उचलून ठेवा, पहाटे आणि संध्याकाळी द्या. तापीच्या पात्रातल्या कलिंगडाची फोड दुपारी टाकली तर ती पाण्याचंही काम करते.

दाण्याबद्दल खान्देशापुरती एक गोष्ट ठासून सांगतो. घरात म्हशीसाठी सरकी पेंड असते, ती कोंबड्यांना घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक बिघडतो आणि पैदाशीवर परिणाम होतो. दुसरं, रस्त्यावर वाळवलेला आणि एकदा भिजलेला मका. त्याची बुरशी वरून दिसत नाही, पण पाखराचं यकृत खाते. पैदाशीच्या कोंबड्यांना १६ टक्के प्रथिनांचा लेयर मॅश आणि पिल्लांना २० टक्क्यांच्या वरचा स्टार्टर, एवढं सरळ ठेवा.

आता अंडी. तुमच्या नराचा आणि मादीचा, दोघांचाही गुदद्वाराभोवतीचा कापूस कात्रीने सुपारीएवढ्या जागेत मोकळा करा. नराच्या डोळ्यांवरचा झुपका कापा किंवा मऊ रबराने वर बांधा. ज्याला मादी नीट दिसत नाही तो काय पैदास करणार. एका नराला चार-पाच माद्या पुरतात, दोनच असतील तर तो त्यांच्या पाठीवरची पिसं उपटून काढतो, म्हणून दिवसाआड वेगळा ठेवा. आणि हे कापणं पैदाशीच्या पाखरांत करायचं. प्रदर्शनाच्या पाखराला कात्री लागली की ते त्या हंगामापुरतं बाद. म्हणूनच एकाच पाखराकडून दोन्ही कामं करून घेऊ नका.

अंड्यांचा दुसरा घात आपल्या हवेने होतो. अंडं सात दिवसांच्या आत बसवायचं आणि तोवर १५ ते १८ अंश तापमानात ठेवायचं, हा नियम. मार्चनंतर आपल्या घरातलं तापमानच तीसच्या वर. अशा गरमीत गर्भ अर्धवट वाढायला लागतो, मग थांबतो, मग मरतो. त्यातच उन्हाळ्यात नराचं बीजही कमजोर होतं. म्हणून मी ऑक्टोबर ते फेब्रुवारीशिवाय अंडी बसवत नाही. तुम्ही कोणत्या महिन्यात बसवली ते लिहिलेलं नाही, पण मार्च-एप्रिल असेल तर दोन पिल्लं निघाली हेच पुष्कळ.

मशीन वापरलंत तर ३७.५ अंश, पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आर्द्रता, दिवसातून किमान तीनदा फिरवणं, आणि शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद करून आर्द्रता ६५ च्या पुढे. लोडशेडिंगचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर हवाच. पण सिल्की पाळणाऱ्याला मशीनची गरज कमी. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसतेच. वर्षाकाठी तिची अंडी शंभर-सव्वाशेच्या आसपास, लहान आणि फिकट क्रीम रंगाची, कारण तिचा अर्धा वेळ खुडूक बसण्यात जातो. आपल्याकडच्या कडकनाथ पाळणाऱ्यांना तर ही देणगीच आहे. कडकनाथ मादी क्वचितच खुडूक बसते, तिची अंडी सिल्कीखाली ठेवा. स्वतःची आठ-नऊ किंवा गावरानची पाच-सहा, त्याहून जास्त नको, कडेची थंड पडतात.

खुडूक मादीला रोज एकदा हाताने उठवून बाहेर काढा, दाणापाणी आणि विष्ठा होऊ द्या. तिची ओढ इतकी असते की ती उपाशी बसून राहते, उन्हाळ्यात तशीच मरते. खुडूक मोडायची असेल तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खालून वारा लागला की ती निवते. गावाकडे नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुचकळतात. दोन्ही क्रूर आहेत, आणि सिल्कीला बुचकळणं म्हणजे तिला मारणं.

एक धोका कोणी सांगत नाही. पिल्लं निघाल्यावर पहिल्या आठवड्यात आईच्या लांब कापसात त्यांची मान गुंडाळते. आई उठते, पिल्लू फास लागल्यासारखं लोंबतं. मी बसवण्याआधीच तिच्या पोटाखालचे लांब तंतू कापतो आणि पिल्लं निघाल्यावर सकाळ-संध्याकाळ हात घालून बघतो.

पिल्लं बाकी मोठ्या पाखरांपासून लांब ठेवायची, आई नसेल तर ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. राणीखेतसाठी पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन आणि त्यानंतर देवीची लस. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणायची. पावसाळ्यातली रक्ती हगवण पिल्लांना एका दिवसात झोपवते, त्यासाठी अँप्रोलियम घरात ठेवा. पायावर खवले उचललेले दिसले की तो पायाच्या किड्यांचा प्रकार, कडुनिंबाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात पाय बुडवून काढा, आठवड्याने पुन्हा.

आता चार बोटांचं पिल्लू. साध्या कोंबडीला चार बोटं, सिल्कीला पाच, आणि पाचवं बोट चौथ्यापासून वेगळं होऊन वर वळलेलं हवं, जमिनीला टेकता कामा नये. तुमच्या अंगणात गावरान कोंबडाही आहे. त्याचा एक संग मादीच्या अंगात दोन-तीन आठवडे पुरतो. पिल्लाच्या लवेवरून काहीच कळत नाही, दीड-दोन आठवड्यांनी पंखाची पिसं फुटतील तेव्हा बघा. ती गुळगुळीत पात्यासारखी आली तर बाप गावरान, कारण सिल्कीचं पीस सुप्त गुण आहे, दोन्हीकडून आलं तरच दिसतं. गावरानशी झालेल्या पहिल्या पिढीत एकाही पिल्लाला सिल्कीचं पीस येत नाही. ती पिढी परत सिल्कीवर घातली तर निम्मी पिल्लं कापूसवाली निघतात. पीस मोकळं आलं आणि बोटं तरीही चार, तर दोष आईबापांत आहे. ते पिल्लू प्रेमाने पाळा, पण पैदाशीत घेऊ नका.

कडकनाथाशी हिचा संकर करून विकणारेही भेटतात. दोघांची कातडी आणि हाडं काळी, ती काळेपणाची देणगी दोघांत एकाच जनुकीय बदलाने आलेली आहे, म्हणून नुसत्या काळेपणावरून संकर ओळखू येत नाही. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या कोंबडीचा भाव वाढला आणि ही फसवणूकही वाढली. पाय बघा. कडकनाथाला चार बोटं, साधा एकेरी दातेरी तुरा, नडगी मोकळी. "कडकनाथ" म्हणून दाखवलेल्या पाखराला पाचवं बोट किंवा नडगीवर पिसं असतील तर त्यात सिल्की आहे.

रंगात सुरुवात पांढऱ्याने केलीत ते चांगलं केलंत, पांढऱ्यावर पांढराच घाला. काळ्यात मिसळू नका. पुढे निळ्याचा मोह होईल तर हिशेब लक्षात ठेवा: निळा आणि निळा मिळून निम्मी निळी, पाव काळी, पाव ठिपक्यांची फिकट निघतात. काळा आणि ठिपक्यांचा फिकट मिळून सगळीच निळी.

प्रदर्शनाकडे वळू. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघणारा माणूस आधी भोवरे बघतो, मग दात, मग चाल. सिल्कीचा परीक्षकही असाच ठरलेल्या क्रमाने हात फिरवतो. डोकं: झुपका गोल आणि मऊ, नराचा मागे वळलेला. तुरा अक्रोडाच्या आकाराचा, पिकल्या तुतीच्या रंगाचा. लाल किंवा एकेरी दातेरी तुरा म्हणजे बाद. कानाची पाळी निळसर फिरोजी. डोळा काळाभोर. दाढीवाली आणि बिनदाढीची हे दोन वेगळे प्रकार आहेत, अर्धवट दाढी कुठेच बसत नाही. मग पंख उघडतो: त्यात टणक पातं आलेलं पीस किंवा मधून फट पडलेला पंख दोष धरतात. शेपूट आखूड, फुगीर. शेवटी पाय: पाच बोटं मोजतो, पिसं मधल्या आणि बाहेरच्या बोटापर्यंत बघतो, आणि गुडघ्यामागून टणक पिसं मागे बाहेर आली असतील तर गुण कापतो. अमेरिकेच्या मानकात सिल्की १८७४ पासून आहे आणि तिथे ती बँटम, म्हणजे लहान पाखरांत, नर साधारण एक किलो, मादी नऊशे ग्रॅम. ब्रिटिश मानकात ती मोठ्या पाखरांत, नर १.८ किलो, मादी १.३६ किलो. म्हणून कोणतं मानक धरणार हे आयोजकांना आधीच विचारा, नाहीतर चांगलं पाखर वजनावर मागे पडतं.

निवड सहा महिन्यांच्या आधी करू नका. सिल्कीत नर-मादीसुद्धा चार-पाच महिन्यांपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. निवडलेलं पांढरं पाखर उन्हात सोडू नका, पाठीवर पिवळटपणा चढतो आणि पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत जात नाही. पंधरा दिवस आधीपासून प्रदर्शनाएवढ्या पिंजऱ्यात रोज तास-दोन तास ठेवा, उचला, पंख उघडा, बोटं मोजा, म्हणजे परीक्षकाच्या हाताखाली ते फडफडत नाही.

आंघोळ तीन दिवस आधी. तीन टबांत कोमट पाणी: पहिल्यात लहान बाळाचा शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर. डोकं कधी बुडवायचं नाही, ते ओल्या फडक्याने. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्याने पिसं चिकट आणि राठ होतात, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. रिठा मी एकदाच वापरला, डोळ्यात गेला आणि तो नर दोन दिवस डोळा उघडेना. टॉवेलने दाबून टिपा, चोळू नका, मग ड्रायर मंद ठेवून बोटांनी तंतू मोकळे करत वाळवा. वरून वाळलं तरी कातडीजवळ ओल राहते, काखेत आणि पोटाखाली बोट घालून बघा. पहिल्यांदा दीड तास लागतो. पायाच्या बोटांतला मळ मऊ टूथब्रशने काढा.

प्रदर्शनातून परत आलेलं पाखर तीस दिवस वेगळं. नवीन आणलेलंही तीस दिवस वेगळं. तुम्ही हे केलं नाहीत, आणले तसे गावरानात सोडलेत, आणि मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटली. देशातल्या पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नवापुरात. २०२१ मध्ये तो तिथे परत आला. ज्यांनी तेव्हा भरलेली शेडं एका दिवसात रिकामी होताना बघितली त्यांना महिनाभराचं वेगळं ठेवणं जास्त वाटत नाही.

तेव्हा आता क्रम असा धरा. आजारी मादी घरात, खोक्यात, मऊ फडक्यावर. उरलेली जोडी गावरानपासून तोडून वेगळ्या जाळीत. या पावसाळ्याआधी जोतं, मुरूम आणि छत. गावरान कोंबड्यापासून तोडून महिना झाला की मगच त्या मादीची अंडी पैदाशीची धरा, आणि बसवायची ती दिवाळीनंतर. त्यातून निघालेली पिल्लं येत्या हिवाळ्यात लहानच असतील, म्हणून येत्या प्रदर्शनात पाखर न नेता नुसते जा, एखाद्या परीक्षकाच्या मागे उभे राहा आणि तो पंख कसा उघडतो ते बघा.